पान एक्केचाळीसवरचा बाक

अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मनोहर निमकरने आजवर वॉशिंग्टन दोनशे अकरा वेळा दाखवलं आहे. स्वतः निवांतपणे किती वेळा पाहिलं, हे त्याला विचारू नये. विचारलं की माणूस वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो, आणि बूट तर बिननाडीचे असतात.

दोनशे अकरा हा आकडा त्याच्या बायकोचा, सुनेत्राचा. ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक फेरीला एक बारीकशी फुली मारते. पुण्याची आहे, पुरावा ठेवते.

झालं असं, की त्या भागातल्या मराठी घरांत एप्रिल उजाडला की पाहुणे उतरतात. कुणाचे आईवडील, कुणाचे सासूसासरे, कुणाची आत्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा जेट लॅग उतरतो आणि चौथ्या दिवशी ते विचारतात, "मग, राजधानी कधी?" मुलगा मीटिंगमध्ये, सून कॉलवर, दोघांच्या रजा दिवाळीसाठी राखून ठेवलेल्या. अशा वेळी मराठी मंडळात एकच तोडगा निघतो : "मनोहरकाकांना सांगा की. त्यांना आवड आहे."

आवड! कोणे एके काळी होती. आता मनोहर एकसष्ट वर्षांचा आहे. आठवडाभर शेजारच्या अ‍ॅशबर्नच्या एका लांबलचक, खिडक्या नसलेल्या इमारतीत सर्व्हर थंड ठेवायचे. साऱ्या जगाची माहिती तिथे साठते म्हणतात. मनोहरला मात्र पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते, आणि ती घरी आल्यावरही कानातून जात नाही. शनिवारी पाठीला पट्टा बांधायचा आणि दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना घेऊन निघायचं. लिंकन स्मारकाच्या पायऱ्या, व्हाइट हाउसच्या कुंपणाबाहेरून फोटो, विमानांचं संग्रहालय, मध्ये तीनदा बाथरूम. दुपारी एकला गाडीच्या डिकीवर दशम्या आणि चटणी. अडीचला कुणाचा तरी गुडघा. "नाही" म्हणायचं त्याला तीस वर्षांत जमलं नाही, आणि मंडळाला ते बरोबर ठाऊक आहे.

खरी मेख पुढे आहे. मनोहरने राजधानी पाहिली नंतर, आधी वाचली.

सत्त्याण्णव साली तो नागपूरहून हर्नडनला आला तेव्हा एकटा होता, गाडी नव्हती, आणि अपार्टमेंटपासून चालत जाण्याजोगं एकच ठिकाण होतं : गावची लायब्ररी. तिथे वर्षातून दोनदा जुनी पुस्तकं काढून टाकत. मनोहर पिशवी भरून आणायचा, आणि निवडायचा ती फक्त वॉशिंग्टनमध्ये घडणारी. हेरांची, सिनेटरांची, खुनांची, लफड्यांची. मुखपृष्ठावर कॅपिटॉलचा, म्हणजे संसदेचा, घुमट आणि त्याच्यावर रक्ताचा थेंब, असल्या थाटाची. जिच्या इतक्या जवळ येऊन पडलो ती नगरी आतून कशी आहे, हे कळायला त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. सुनेत्रा लग्न होऊन आली तेव्हा बेसमेंटमध्ये तीन कपाटं भरलेली होती. "माझी ही सवत भलतीच जाडजूड आहे रे," असं ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती.

मग पाहुणे सुरू झाले. पहिली काही वर्षं मनोहरने इमानेइतबारे खरी माहिती सांगितली. स्तंभाची उंची, घुमटाचं वजन, बांधकामाचं साल. पाहुणे ऐकायचे आणि जांभया द्यायचे. एकदा भर उन्हात, पाहुण्यांची चिडचिड शिगेला पोचलेली असताना, मनोहरच्या तोंडून कुठल्याशा कादंबरीतलं भुयार निघून गेलं : व्हाइट हाउसखालचं, त्यातून म्हणे एक आचारी रात्री आपल्या मैत्रिणीला भेटायला जायचा. जांभया बंद! म्हाताऱ्यांच्या पाठी ताठ! त्या दिवसापासून मनोहरला औषध सापडलं. थकलेल्या पाहुण्याला आकडा पाजू नये, गोष्ट पाजावी. आणि कादंबऱ्या तर तीन कपाटं होत्या.

बाकाची गोष्ट मात्र त्याने पाहुण्यांसाठी काढलेली नव्हती. ती काढली मुलीसाठी, इशितासाठी.

इशिता आठ वर्षांची. नवे बूट चावत होते. टायडल बेसिन नावाच्या तळ्याच्या काठी चेरीच्या झाडांखाली एक बाक आहे, त्यावर बसली आणि म्हणाली, "आय ॲम नॉट गेटिंग अप. एव्हर." सोबत कुणाच्या तरी मावशी आणि काका, पार्किंगची वेळ संपत आलेली, मनोहर घामाघूम. तो तिच्याशेजारी बसला.

"तुला माहितेय, या बाकावर कोण बसायचं?"

"हू?"

"एका सिनेटरची बायको. दर बुधवारी. अकरा वर्षं. दोन सँडविचेस घेऊन यायची. एक तिचं आणि एक तिच्या मित्राचं. तो मित्र लढाईवर गेला होता, येतो म्हणाला होता बुधवारी. कुठल्या बुधवारी ते सांगायचं राहिलं त्याचं."

"मग?"

"मग काय, ती एक सँडविच खायची आणि दुसरं बदकांना घालून घरी जायची. पुढच्या बुधवारी परत."

इशिता बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि आपल्या डब्यातल्या दशमीचा तुकडा बदकांना टाकून चालायला लागली. त्यानंतर प्रत्येक फेरीत ती त्या बाकाशी थांबायची. मोठी झाली, इतिहास शिकली, आणि आता राजधानीतल्याच एका लहानशा संग्रहालयात नोकरी करते. लोकांना गल्ल्यांतून हिंडवून जुन्या हकीकती सांगते. मंडळात सगळे म्हणतात, "बापाचा गुण." मनोहर हे ऐकून हसतो, पण पूर्ण हसत नाही.

आता हेमचंद्र सर. मिरजेचे निवृत्त मुख्याध्यापक, हेमचंद्र दाबके. दोन वर्षांपूर्वी पत्नी इलाबाईंना घेऊन मुलाकडे, म्हणजे अ‍ॅशबर्नच्या नकुलकडे, तीन महिने आले होते. नकुल कॉलवर. तेव्हा मनोहरकाका.

सरांच्या हातात वही. लिंकनसमोर उभे राहून पायऱ्या मोजल्या, वहीत लिहिल्या, परत मोजल्या. "निमकर, हा संगमरवर कुठला?" "निमकर, साल सांगा." मनोहर सांगत होता; आकडे संपले की गोष्टी, आणि सर त्याही लिहून घेत होते. आणि टायडल बेसिनशी इलाबाई बाकावर बसल्या, त्या बसल्याच. त्याच बाकावर.

"अगं ऊठ, अजून कॅपिटॉल राहिलंय," सर म्हणाले.

"मला घरी जायचंय."

"संध्याकाळी जायचंच आहे नकुलकडे."

"नकुलकडे नाही. घरी. मिरजेला. आत्ता."

सर कानापर्यंत लाल झाले. परक्या माणसासमोर बायको लहान मुलासारखी रडतेय, म्हणजे काय! ते वही उघडून झाडांची संख्या लिहायला लागले. मनोहरच्या पाठीत कळ येत होती, पायाखालची जमीन गरम होती, आणि त्याला एकाएकी त्या बाईंचं इतकं पटलं, की तोही तिथेच शेजारी टेकला. म्हणाला, "काकू, इथे एक बाई बसायच्या..."

इलाबाईंनी सगळं ऐकलं. दोन सँडविचेस, बुधवार, बदकं. पदराने डोळे पुसून विचारलं, "आणि तिचा नवरा? त्याला कळलं नाही?"

"नवरा सिनेटर होता, काकू. त्याला भाषणं होती."

इलाबाईंनी वहीत डोकं घातलेल्या सरांकडे पाहिलं आणि खुदकन हसल्या. तब्बल पावणेदोन तास बसून मगच उठल्या. कॅपिटॉल राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी त्या मिरजेत वारल्या.

अमेरिकेत तीन महिने काढलेला निवृत्त मराठी माणूस प्रवासवर्णन लिहिल्यावाचून राहत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पहिलं प्रकरण विमानातलं जेवण, दुसरं रस्त्यांची स्वच्छता आणि हॉर्न न वाजवणं, तिसरं 'आमच्या चिरंजिवांचा बंगला'. मनोहरलाही ठाऊक होतं. पण मनोहरने वहीकडे लक्ष दिलं नव्हतं. थकलेला माणूस वह्यांकडे लक्ष देत नाही.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी त्याच्या दारात खोकं आलं. नकुल एव्हाना नोकरी बदलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, चँडलरला गेला होता, म्हणून सरांनी पत्ता दिला होता मनोहरचा. आत साठ प्रती. 'राजधानीच्या पायऱ्यांवर', लेखक हेमचंद्र दाबके. मुखपृष्ठावर घुमट, रक्ताचा थेंब तेवढा नव्हता. अर्पणपत्रिका : 'कै. सौ. इला हिस.' आणि खाली : 'ज्यांच्या अधिकारवाणीतून या नगरीचा खराखुरा इतिहास आम्हांस उमगला, त्या श्री. मनोहर निमकर यांचे ऋण शब्दातीत आहे.'

मनोहर दारातच खोक्यावर बसला.

पान सत्तावीस, भुयार. पान तेहतीस, घुमटावरच्या पुतळ्याच्या पोकळ हातात दडवलेलं मृत्युपत्र. पान अडतीस, पुलाखाली बुडालेली वकिलाची घोडागाडी, जिची घंटा धुक्यात अजून ऐकू येते. पान एक्केचाळीस, बाक. सगळं तारीखवार, मुद्देसूद, मुख्याध्यापकी भाषेत. जिथे मनोहरने साल सांगितलं नव्हतं तिथे सरांनी कंसात 'सालाविषयी श्री. निमकर यांना पृच्छा करावी' असं टाकलं होतं.

"काय झालं?" सुनेत्रा बाहेर आली. तिने एक प्रत उचलली, चाळली, आणि हसत सुटली. हसता हसता खाली बसली. "अरे, ती सवत आता मराठीत आली!"

"सुनेत्रा, हसू नकोस."

"मी वीस वर्षं सांगतेय, की नुसतं 'असं म्हणतात' एवढं तरी पुढे जोडत जा. दोन शब्दांचा कंटाळा."

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाची अध्यक्ष शिवांगी. तिचा आवाज फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येतो. "काका! पुस्तकं आली? येत्या रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये प्रकाशन. सर मिरजेहून व्हिडिओवर. तुमचा सत्कार, शाल-श्रीफळ, नाही म्हणायचं नाही. आणि चीफ गेस्ट कोण, ओळखा!"

"कोण?"

"आपली इशिता! तिने हो म्हटलंय. मराठीत बोलणार आहे, काका. पहिल्यांदा!"

"शिवांगी," मनोहर म्हणाला, "पुस्तकं अजून आलेली नाहीत."

ज्यावर बसून तो हे बोलत होता, ते खोकं त्याच्या वजनाने करकरलं.

चार दिवस ते खोकं बेसमेंटमध्ये तीन कपाटांच्या मागे राहिलं. मनोहर कामावर जात होता, पंख्यांच्या घरघरीत उभा राहून विचार करत होता. सत्कार गेला खड्ड्यात. लोक चार दिवस हसतील, मग कुणाची तरी सासू येईल आणि परत "मनोहरकाका" सुरू होईल. पण इशिता! ती कागदपत्रांशिवाय पाण्याला पाणी म्हणत नाही. सगळ्या गोतावळ्यासमोर, व्यासपीठावर, त्या पोरीला कळणार की बाप लहानपणापासून थापा मारत आला. किंवा कळणार नाही, आणि ती त्या थापांवर स्वतःचं नाव लावून उभी राहील. यांतलं अधिक वाईट कोणतं, ते त्याला ठरवता येईना.

शुक्रवारी संध्याकाळी इशिताचा फोन आला. "बाबा, आई म्हणाली पुस्तक आलंय. मला वॉशिंग्टनचं चाप्टर वाचून दाखव ना. माझं मराठी रीडिंग एकदम स्लो आहे, संडेपर्यंत होणार नाही."

मनोहरने स्वयंपाकघराकडे पाहिलं. सुनेत्रा कणीक मळत होती आणि वर बघत नव्हती.

त्याने पुस्तक उघडलं. "हं, ऐक. 'तदनंतर श्री. निमकर यांनी आम्हांस व्हाइट हाउसखालील...'" तो थांबला. "'...व्हाइट हाउसजवळील पार्किंगच्या नियमांची सविस्तर माहिती दिली.'"

कणकेवरचा हात थांबला.

"पुढे?"

"'पुलापाशी पोचल्यावर श्री. निमकर यांनी... पुलाची लांबी सांगितली. पूल लांब होता.'"

"बाबा, किती बोअरिंग लिहिलंय! शिवांगीमावशी म्हणाली, खूप स्टोरीज आहेत. बेंचची आहे ना? दॅट्स ऑल आय वाँट."

"बेंच... असेल. आहे बहुतेक."

"तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही मी." इशिताचा आवाज हलका झाला. "मी ती बाई शोधली होती. ग्रॅड स्कूलमध्ये, पूर्ण समर. सिनेटरांच्या बायकांची पत्रं, डायऱ्या, जुने पेपर. कुठेच नाही सापडली. प्रोफेसर म्हणाल्या, सोर्स नाही तर टॉपिक बदल. मी बदलला. मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडलं. आणि आता ती प्रिंटमध्ये आहे, बाबा! हेमचंद्रआजोबांनी तर डेट्स टाकल्यात म्हणे. मी संडेला तिच्यावरच बोलणार. आणि सोमवारी आमच्या म्युझियममध्ये दाखवणार."

फोन ठेवल्यावर सुनेत्राने हात धुतले. आता ती अजिबात हसत नव्हती. "पार्किंगचे नियम," ती म्हणाली. "मनोहर, तू सांगतोस की मी सांगू?"

शनिवारी कॅलेंडरवर कुणाचे तरी सासरे होते. मनोहरने त्यांच्या मुलाला फोन केला आणि म्हणाला, "आज जमणार नाही." पलीकडच्याने ते दोनदा विचारून घेतलं. मग त्याने बेसमेंटमधून एक जुनं पुस्तक खिशात घातलं, हर्नडन स्टेशनवर जाऊन मेट्रो पकडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाचीही पाण्याची बाटली न सांभाळता राजधानीत उतरला.

इशिताला दुपारी साडेबाराला जेवणाची सुट्टी होते. त्याने तिला बाकावरच बोलावलं होतं. झाडांची पानं पिवळी पडलेली, पाण्यावर बदकं. ती दोन सँडविचेस घेऊन आली.

"तुझं टर्की नसलेलं," तिने एक पुढे केलं. "काय झालंय? तू पाहुण्यांशिवाय कसा आलास?"

मनोहरने सँडविच मांडीवर ठेवलं आणि खिशातलं पुस्तक तिच्या हातात दिलं. मुखपृष्ठावर घुमट, थेंब. "पान एकशे चाळीसच्या पुढे," तो म्हणाला. "मी दुमडून ठेवलंय."

ती वाचत राहिली. वाचताना ओठ दाबायची तिची सवय लहानपणची. मनोहर बदकं मोजत बसला, सरांसारखी, परत परत. तिने पान उलटलं, मग आणखी एक, मग दुमडलेल्या जागेच्या बरीच पुढे गेली.

"धिस इज अ स्पाय नॉव्हेल," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"ती कुणाची वाट बघत नाहीये. सँडविचमध्ये फिल्म आहे. शी इज अ स्पाय."

"हो."

"एक समर, बाबा." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आर्काइव्ह्जच्या बेसमेंटमध्ये वाचून वाचून डोळे फोडले मी. टॉपिक सोडला. आणि हे आपल्या बेसमेंटमध्ये होतं? वॉशिंग मशीनच्या शेजारी?"

"दुसऱ्या कपाटात."

"डोन्ट."

मनोहरने सँडविचचा कागद सरळ केला. थकलो होतो, असं म्हणावं, तर थकत कोण नाही? पाठ दुखत होती, म्हणावं, तर ती अजूनही दुखत होती.

इशिता परत पुस्तकात डोकं घालून बसली. तिच्या सुट्टीची वेळ संपून गेली. मग तिने एक पान बोटाने धरून त्याच्यापुढे केलं. "दोनशे बारावर तिला गोळी घालतात. याच बाकावर. बदकं उडतात वगैरे. तू हा पार्ट का नाही सांगितलास?"

"तू आठ वर्षांची होतीस," मनोहर म्हणाला. "आणि तुला बूट चावत होते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. राग गेला नव्हता, मनोहरला तो स्पष्ट दिसत होता. पण ती निघूनही गेली नाही. त्याच्या मांडीवरचं सँडविच तिने उचलून उघडलं आणि अर्धं त्याला दिलं. "बुक इज नॉट इव्हन गुड," ती म्हणाली. "आजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"उद्या सकाळी प्रोग्रॅम आहे. मी तोंड उघडायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे. तू सांगायचं. मी शेजारी बसणार."

मिरजेत तेव्हा रात्र झाली होती, सर झोपले असणार. त्यामुळे फोन झाला रविवारी सकाळी साडेसहाला, निमकरांच्या जेवणाच्या टेबलावर. एका बाजूला इशिता, दुसऱ्या बाजूला सुनेत्रा; पळायला वाट नाही. मिरजेत दुपारचे चार. सरांनी कार्यक्रमासाठी कोट आत्ताच घातला होता, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

मनोहरने सगळं सांगितलं. भुयार, मृत्युपत्र, घोडागाडी. बाक सगळ्यात शेवटी.

मग मुख्याध्यापक बोलले. "निमकर. पाचशे प्रती छापल्या आहेत. एक नगर वाचनालयात दिली आहे. एक शाळेत. कलेक्टरसाहेबांना एक."

"सर, माझी चूक आहे."

"आहेच! चाळीस वर्षं मी पोरांना कॉपी करताना धरलं. आणि म्हातारपणी माझ्या हातून तुम्ही... शब्द सापडत नाही मला. निमकर, तुम्ही माझे विद्यार्थी असता तर बाकावर उभं केलं असतं!"

पदर नसल्यामुळे सुनेत्राने तोंडाला नॅपकिन लावला.

"आजोबा," इशिता मध्येच बोलली. तिचं मराठी अडखळत होतं, पण थांबलं नाही. "मी इशिता. चुका मी शोधते. ते माझं काम आहे. प्रत्येक पान चेक करते. तुम्ही सांगा, नंतर काय करायचं."

"काय करायचं म्हणजे?" सर गरजले. "शुद्धिपत्र! पुस्तकाला शुद्धिपत्र जोडतात, बाळ. चूक झाली की पुस्तक जाळत नाहीत, चिठ्ठी डकवतात. लिहून घे."

मग पुढचा दीड तास त्या टेबलावर जे झालं, तसं निमकरांच्या घरात कधी झालं नव्हतं. इशिता एकेक अक्षर लावून पुस्तक वाचत होती, शंका विचारत होती, मनोहर कबुली देत होता, सर मिरजेहून मजकूर सांगत होते, सुनेत्रा टाइप करत होती आणि "हेही खोटं? अरे, हे मी माझ्या आईला सांगितलं होतं!" असं अधूनमधून ओरडत होती. एकोणीस हकीकतींपैकी अकरा कापल्या गेल्या. 'पान २७ : असे भुयार नाही.' 'पान ३३ : पुतळ्याच्या हातात काहीही नाही.' 'पान ३८ : पूल आहे. घोडागाडी नाही. घंटेचा प्रश्नच उद्भवत नाही.'

"पान एक्केचाळीस," इशिता म्हणाली.

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला.

"निमकर," सर म्हणाले, आवाज आता शाळेतला नव्हता. "ती जाईपर्यंत आठवण करून द्यायची मला. दर बुधवारी. म्हणायची, आज सँडविचचा वार. मी लक्ष देत नसे. मला वाटे, काय हे खूळ. लिहा."

त्यांनी सांगितलं ते सुनेत्राने टाइप केलं. छापलं. साठ चिठ्ठ्या कापल्या. गोंद सापडेना, म्हणून शेवटी भाताच्या खळीने डकवल्या. साठावी चिठ्ठी लागली तेव्हा दहाला दहा कमी होते, आणि शिवांगीचे सात मिस्ड कॉल.

प्रकाशन झालं. भिंतीवरच्या पडद्यावर सर कोट घालून ताठ बसले होते. मनोहरला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि तो खुर्चीत असा बसला होता, की जणू तो नारळ फुटणार आहे. इशिता उठली. तिने भाषण लिहून आणलं होतं ते पर्समध्येच ठेवलं, पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. भुयारावर हॉल हसला. पुतळ्याच्या हातावर आणखी हसला. निम्म्या हॉलच्या सासूसासऱ्यांना मनोहरने तो हात दाखवलेला होता. घंटेवर तर मागच्या रांगेत कुणी टाळ्या वाजवल्या, आणि मनोहरच्या मानेवरून घाम शालीत उतरला. पडद्यावरचे सर हलले नाहीत.

"पान एक्केचाळीस," इशिताने वाचलं. जोडाक्षरांशी अडखळत, परत मागे जाऊन, हळूहळू. "'या बाकावर सिनेटरची पत्नी कधीही बसलेली नाही. प्रस्तुत लेखकाची पत्नी बसली होती. एकदा. पावणेदोन तास. तेव्हा लेखक झाडे मोजत होता.'"

पुस्तक मिटून ती खाली येऊन बसली, बापाच्या शेजारच्या खुर्चीत. त्याच्या मांडीवरचा नारळ तेवढा उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतला, घरंगळत होता.

चहाच्या वेळी मंडळ दोन तटांत विभागलं. निम्मे म्हणाले, मनोहरने लाज आणली. निम्मे म्हणाले, भुयार राहू द्यायला हवं होतं. शिवांगी कपबशी सांभाळत आली. "काका, झालं ते झालं. पुढच्या शनिवारी माझ्या नणंदेचे आईवडील आहेत. न्याल ना?"

मनोहर वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बिननाडीच्या बुटाची.

"त्या शनिवारी मी सुट्टी घेते," शेजारून इशिता म्हणाली. "त्यांना मी दाखवीन. बाबा फक्त बसेल. कुठे, ते त्याला माहितेय."